कनेरगाव नाक्यावरून दिसलेलं कुवेत

लग्न होऊन मी कनेरगाव नाक्याला आले तेव्हा आमच्या ह्यांचं तिथं वह्या-पेनांचं दुकान होतं आणि त्याला जोडून वर्तमानपत्रांची एजन्सी. दुकानाच्या बाहेर भिंतीला टेकवून एक काळा फळा उभा असायचा. त्यावर रोजच्या ठळक बातम्या खडूने लिहायच्या, म्हणजे ज्याला पेपर विकत घ्यायचा नाही त्यालाही जग कळेल आणि ज्याला आणखी कळावंसं वाटेल तो आत येऊन पेपर घेईल, असा ह्यांचा हिशोब होता. पण ह्यांचं अक्षर असं, की लोक आत यायचे ते फळ्यावर काय लिहिलंय हे विचारायला. महिनाभर मी हे पाहिलं आणि एका सकाळी खडू हातात घेतला. सुनेने नाक्यावर उभं राहून फळा लिहावा हे काहींना बरं वाटलं नाही. माझं माहेर औंढ्याचं, देवळाच्या सेवेतलं घर. लहानपणापासून देवळाच्या पाटीवर उत्सवाचे कार्यक्रम मीच लिहायचे. अक्षर चांगलं होतं, एवढंच माझं भांडवल. ते पाहून आठवड्याभरात लोक गप्प झाले.

आमचा नाका हे नाव उगाच नाही. निजामाच्या वेळी इथं करोडगिरीचा नाका होता, म्हणजे जकातीचा. इकडे निजामाचं राज्य, तिकडे वऱ्हाड. गाडीतलं गाठोडं सोडून दाखवल्याशिवाय बैल पुढे जात नसत, असं माझे सासरे सांगायचे. ते राज्य गेलं, नाका राहिला. माझ्या वेळेला त्याचा उपयोग एकच उरला होता. एक बस हिंगोलीकडून मराठवाड्यातली वर्तमानपत्रं आणायची आणि दुसरी वाशीमकडून विदर्भातली. त्यामुळे एकाच जगाच्या दोन-दोन बातम्या आमच्या ओट्यावर येऊन पडायच्या. एकात मंत्री ठणठणीत, दुसऱ्यात दवाखान्यात. मी दोन्ही वाचायचे आणि मधलं काहीतरी लिहायचे.

पुढे पुढे नुसती बातमी लिहून मला करमेना. बातमीच्या खाली कंस करून मी माझी एक ओळ घालू लागले. ‘रशियात पावासाठी लांबच लांब रांगा. (आपल्याकडे रॉकेलसाठी. दोन्ही देशांची मैत्री जुनीच आहे.)’ किंवा, ‘दिल्लीत सरकार राहणार की जाणार, आज ठरणार. (मूग काढणीला आला आहे, तो मात्र थांबणार नाही.)’ शाळेतल्या एका गुरुजींनी येऊन सांगितलं, की बातमी शुद्ध ठेवावी, तिच्यात आपलं काही मिसळू नये. पण ट्रकवाले ढाब्यावर जेवायला उतरले की आधी रस्ता ओलांडून फळ्यापाशी यायचे. ज्यांना मराठी येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि उशिरा हसायचे. मग मी गुरुजींचं कशाला ऐकते?

ते सगळं साल नव्वदचं. श्रावण चालू होता. सकाळच्या रेडिओवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या पेपरांत एकच बातमी आली, हेच मुळात नवल होतं. इराकने कुवेत घेतला. मी फळ्यावर लिहिलं आणि खाली माझी ओळ घातली: ‘(झोपताना देश आपला होता, उठून पाहतात तर शेजाऱ्याचा. बांध कोरणारे आपल्याकडेही आहेत, पण ते वर्षाला वीतभर कोरतात.)’

ही ओळ फार गाजली. बांधावरून कोर्टात गेलेली निम्मी माणसं आमच्या भागात होती. ती सगळी फळ्यासमोर उभी राहून एकमेकांकडे बोट दाखवून हसत होती. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून मेंढरांचा कळप आला. बसवाल्याने हॉर्न वाजवला, मेंढरं दुकानाच्या ओट्याला चिकटली, आणि त्यांच्या मागे असलेली बाई गर्दीपाशी थांबली. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. तिला मी चेहऱ्याने ओळखत होते. नदीकडच्या वस्तीवर राहायची, महिन्यातून एखादेवेळी नाक्यावर मीठ-मिरचीला यायची.

‘‘लोकं काहून हसून राहिले?’’ तिनं एकाला विचारलं. त्यानं तिला फळा वाचून दाखवला. ती हसली नाही. गर्दीतून वाट काढत दुकानात आली.

‘‘वैनी, ते कुवेत म्हन्जे अरबाचं कुवेत व्हय?’’

‘‘व्हय.’’

‘‘आमचे मालक तिथंच हायेत.’’

मला आधी वाटलं, तिची काहीतरी गफलत होते आहे. आमच्या नाक्यावरचा माणूस वाशीमला जाऊन आला तरी परदेशातून आल्यासारखा सांगत बसायचा. पुण्याला असलेले दोघे-तिघे. त्यांच्या घरच्यांचा तोरा वेगळा. आणि ही मेंढरामागची बाई सांगत होती की तिचा नवरा कुवेतला आहे.

‘‘तिथं काय करतात ते?’’

‘‘मेंढरं राखतेत. शेटाची.’’ तिनं बाहेर आपल्या कळपाकडे पाहिलं. ‘‘हितली म्या राखते, तिथली ते राखतेत.’’

खोदून विचारल्यावर सगळं कळलं. ढाब्यावर थांबणाऱ्या एका ट्रकवाल्याची हैदराबादच्या एजंटाशी ओळख होती. त्या एजंटाला मेंढरं राखणारी माणसं पाहिजे होती. अरबाकडे पैसा होता, गाड्या होत्या, पण दिवसभर उन्हात मेंढरामागे चालायला माणूस नव्हता. हिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. गाजावाजा काही नाही. इथून एसटीत बसला आणि गेला. नाक्यावर कुणाला पत्ताच नव्हता, कारण मेंढरामागचा माणूस महिनोन्‌महिने दिसला नाही तर तो चारायला लांब गेला असं लोक धरून चालतात. तसा तो गेलाच होता. फक्त फार लांब.

मी ओल्या फडक्यासाठी हात पुढे केला. ती म्हणाली, ‘‘पुसू नका. हसू द्या लोकाला. मला फकस्त रोज काय लिव्हलं ते सांगत जा.’’

मी तिला अक्का म्हणू लागले. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. रोज दोन्हीकडचे पेपर आल्यावर ती कळप नदीकडे वळवायची आणि ओट्यावर येऊन बसायची. दुकानात विकायला नकाशाची पुस्तकं होती. त्यातलं एक मी उघडून तिला कुवेत दाखवलं. तिनं बोट ठेवलं तर बोटाखाली कुवेत दिसेनासं झालं. बोट उचलून तिनं पुन्हा पाहिलं.

‘‘एवढुसं? ह्याच्यात मेंढरं कुठं मावतेत?’’

‘‘तिथं खाली सगळं तेल आहे, अक्का. त्यासाठी भांडण.’’

‘‘वर मेंढरं, खाली त्याल,’’ ती म्हणाली. ‘‘आन मधी आमचे मालक.’’

त्या दिवशीची ओळ मी तिचीच घातली, तिला विचारून. एवढी चांगली ओळ मला स्वतःला कधी सुचली नाही.

मग ते तेल आमच्यापर्यंत आलं, म्हणजे यायचं थांबलं. डिझेल मिळेना. सेनगावकडे जाणाऱ्या जीपा नाक्यावर ओळीने उभ्या राहिल्या. ढाब्यापुढे ट्रकांच्या रांगा लागल्या, क्लीनर लोक ट्रकाखाली सावलीत पत्ते कुटू लागले. रॉकेलच्या दुकानापुढे डबे रांगेत ठेवून बायका घरी जाऊन भाकऱ्या करून परत यायच्या. ‘आखात’ हा शब्द तोवर आमच्या नाक्यावर कुणी उच्चारला नव्हता. आठ दिवसांत तो जीपवाल्यांच्या तोंडी असा बसला, जणू काही आखात म्हणजे कळमनुरीच्या अलीकडचं एखादं गाव. मला ह्या गोष्टीचा विलक्षण अचंबा वाटायचा. कुठला तरी एक हुकूमशहा कुठल्या तरी वाळवंटात रणगाडे घालतो आणि आमच्या इथली पोटुशी बाई माहेरी जाऊ शकत नाही, कारण जीप बंद. जग एवढं एकमेकांना बांधलेलं असतं हे मी पुस्तकात वाचलं असतं तर मला वाटलं असतं, लेखकाने जरा वाढवून लिहिलंय. इथं मी ते ओट्यावर बसून बघत होते.

तेवढ्यात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला अक्काचा पत्ता लागला. ते जीप घेऊन आले. त्यांच्या जीपला डिझेल होतं. त्यांनी अक्काला दुकानापुढे उभं केलं, तिच्या हातात एक अर्ज दिला आणि तो अर्ज स्वतः घेताना फोटो काढून घेतला. ‘‘माय, काळजी करू नको. मी दिल्लीला बोललो आहे,’’ ते म्हणाले. त्या दिवशी नाक्यावरचा एकुलता एक फोन बंद होता, आणि हिंगोलीचाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आम्ही माना डोलावल्या.

फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘कुवेतस्थित पशुपालन व्यावसायिकाच्या पत्नीचे निवेदन.’ मी अक्काला वाचून दाखवलं.

‘‘म्हन्जे काय, वैनी?’’

‘‘म्हणजे मेंढरं राखणाऱ्याच्या बायकोनं अर्ज दिला.’’

‘‘मंग तसं काहून न्हाई लिव्हलं?’’



त्या वर्षी दिल्लीतलं सरकार स्वतःच काठावर बसलेलं होतं. रोज कुणीतरी पाठिंबा काढण्याची धमकी द्यायचं, राखीव जागांवरून शहरांत जाळपोळ चालली होती, आणि मी त्या सरकारची फळ्यावर मनसोक्त टिंगल करत होते. पण ह्याच सरकारने विमानं पाठवायला सुरुवात केली. कुवेतमधली आपली माणसं इराकमधून बसने जॉर्डन नावाच्या देशात यायची आणि तिथून विमानाने मुंबईला. सुरुवातीला मला वाटलं, चार विमानं येतील, मंत्र्यांचा फोटो निघेल आणि संपेल. पण रोज बातमी यायची. आज इतकी माणसं आली, उद्या आणखी येणार. पोळा झाला, गणपती बसले, उठले, विमानं येतच होती. लाखावर माणसं. बायका, लेकरं, गवंडी, नर्सा, ड्रायव्हर. ज्या देशात डबा ठेवल्याशिवाय रॉकेल मिळत नाही, त्या देशाने एवढी माणसं आभाळातून उचलून घरी आणली. ही बातमी लिहिताना मला कंसात काही सुचायचं नाही. खडू तसाच हातात राहायचा. मी बातमी लिहायचे आणि खालची जागा मोकळी सोडायचे.

अक्का एकच प्रश्न विचारायची. ‘‘ह्याच्यात मेंढरं राखणारे आले का?’’

‘‘तसं लिहीत नाहीत, अक्का. माणसं लिहितात.’’

‘‘शहरातली आधी येत आसतील,’’ ती म्हणायची. ‘‘मेंढराचं रान लांब आसतंय. तिथवर कोन सांगाया जातंय की लडाई लागली म्हनून?’’

तिच्या ह्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. मेंढराचं रान गावापासून लांब असतं हे तिला माहीत होतं आणि त्यावरून ती अंदाज बांधत होती. घरी काय करत असेल ते मला माहीत नाही. ओट्यावर ती कधी रडली नाही. भादव्यात तिनं कातरणीवाले बोलावून सगळ्या कळपाची लोकर उतरवून घेतली, कारण मालक आल्यावर म्हणाले असते, एवढं बी जमलं न्हाई का.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. दुपारची वाशीमची बस थांबली आणि एक माणूस खाली उतरला. दाढी वाढलेली, अंगात एक ढगळं जाकीट, तेही आपल्याकडच्या उन्हातलं नाही, थंडीच्या मुलखातलं, आणि काखेत करड्या रंगाचं एक ब्लँकेट. बाकी हातात काही नाही. बस निघून गेली तरी तो तिथंच उभा. मग रस्ता ओलांडून फळ्यापुढे आला आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचू लागला. ‘‘जॉ-र्ड-न-हून आ-ण-खी वि-मा-ने.’’

मी आतून म्हणाले, ‘‘कुठून आलात, भाऊ?’’

त्यानं फळ्यावर बोट ठेवलं. ‘‘ह्याच्यातून.’’

कसं ओळखलं विचाराल तर सांगता येणार नाही. पण मी ह्यांना सायकल घेऊन नदीकडे पिटाळलं. तोवर मी त्याला चहा दिला. त्यानं तो उभ्यानंच घेतला. सायकलच्या बरोबरीनं चालत अक्का आली. लोक जमले होते. सगळ्यांना वाटत होतं, आता काहीतरी बघायला मिळेल. ती त्याच्यापासून पाच-सहा हातांवर थांबली. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जाकिटाकडे जरा जास्तच. मग पुढे येऊन हातातली काठी त्याच्या हातात दिली.

‘‘समदी पुलाखाली हायेत. बघा जाऊन. म्या पानी पिऊन येते.’’

आणि ती दुकानाच्या मागच्या दाराने थेट माझ्या स्वयंपाकघरात आली, भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मी तांब्या तिच्यापुढे ठेवला. तिनं तो संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला. मग तोंड धुऊन बाहेर पडली.

तिकडे पुलाखाली वेगळाच प्रकार झाला होता. त्या जाकिटातल्या माणसाला पाहून कुत्रं त्याच्यावर धावून गेलं, मेंढरं बिथरली आणि निम्मी पाण्यात शिरली. त्यानं जाकीट काढून फेकलं, बनियनवर उभा राहिला आणि तोंडानं एक आवाज काढला. म्हणे मेंढरं थांबली, माना वळवल्या. हे मला ह्यांनी सांगितलं. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते.

पुढचे कित्येक दिवस तो नाक्यावर आला की लोक त्याला घेरून बसायचे. तो बोलायला तसा सावकाश. सांगितलेलं सगळं मला जसंच्या तसं आठवतं, कारण मी दोन-अडीच महिने ज्याच्याबद्दल खडूने लिहीत होते, त्याच्या आतून आलेला हा पहिलाच माणूस होता.

त्याचा शेट एका सकाळी दोन गाड्या घेऊन आला होता. गाड्यांत बायकापोरं, गाद्या, टीव्ही. ‘पाच-सहा दिवसांत येतो’ असं सांगून गेला तो गेलाच. मेंढरं तिकडची, मोठ्या शेपटाची. चरबीनं शेपूट असं लोंबतं, की मागून बघणाऱ्याला वाटावं, गाठोडं बांधलंय. तिथं पाणी टँकरनं यायचं. टँकर यायचा बंद झाला. मग शिपाई आले.

‘‘मारलं का?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘न्हाई. बारकाली पोरं होती. उपाशी. चार मेंढरं नेली त्यांनी. एकानं मला हातानं पानी मागितलं. म्या म्हनलं, बाबा, मलाच न्हाई. मेंढराच्या हौदात तळाला होतं, त्ये त्यानं गाळून घेतलं. बंदूक खाली ठिवली आन ओंजळीनं प्याला.’’

पाणी संपल्यावर त्यानं कुंपणाचं दार उघडून दिलं. मेंढरं कुठंतरी वाट काढतील असं त्याला वाटलं. तो डांबरी सडकेकडे चालू लागला. मागे वळून पाहिलं तर सगळा कळप मागे.

‘‘लई हाकललं. खडे मारले. जाईनात. मेंढरू कळप सोडत नसतंय, आन त्यांचा कळप म्हन्जे म्याच एकला.’’ त्यानं खडा मारल्यासारखा हात उडवला. ‘‘सडकंवर एक ट्रक भेटला, आपल्याच लोकांचा. त्यांनी मला वर ओढलं. मेंढरं लांबवर पळत आली मागून.’’

आमच्या इथं मेंढरामागे जन्म गेलेली म्हातारी माणसं होती. त्यातल्या एकानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

मग बगदाद, मग वाळवंटातली छावणी. ती छावणी म्हणे दोन देशांच्या मध्ये होती. इराकची हद्द संपलेली आणि जॉर्डनची सुरू झालेली नाही, अशी मधली जमीन. ह्या गोष्टीनं तो फार चकित झालेला होता.

‘‘कुनाचीच न्हाई ती जमीन, वैनी. मैलच्या मैल. ना बांध, ना सातबारा. आन गवताची काडी बी न्हाई. कुनाची असती तर निदान बोराटीचं कुंपन तरी घातलं असतं कुनी.’’

तिथं नाना देशांची माणसं होती. कुणी कुणाची भाषा बोलत नव्हतं. ट्रकमधून पाव फेकायचे, लोक झेलायचे. काळी माणसं, पिवळी माणसं, लुंगीवाले, पँटवाले, सगळ्यांच्या अंगावर तेच करडं ब्लँकेट. ते जाकीट त्याला एका परक्या माणसानं दिलं, कुठल्या देशाचा तेही कळलं नाही. छातीवर हात ठेवून हसला आणि निघून गेला.

पण लोकांना ऐकायचं होतं ते विमान. आमच्या नाक्यावर विमानात बसलेला तो पहिला माणूस होता. ढग कसे दिसतात, समुद्र कसा दिसतो, आत जेवायला काय देतात. रोज कुणीतरी विचारायचं आणि तो रोज तेच सांगायचा.

‘‘काय म्हाईत. बसलो आन झोपलो.’’

‘‘अरे, सगळा वेळ?’’

‘‘समदा. दोन म्हैन्यांनी डोक्यावर छत आलं व्हतं. मंबईत एका बाईनं हलवून उठिवलं.’’

लोक इतके नाराज झाले, की मला त्यांची दया आली. एवढं विमान, सरकारनं पाठवलेलं, आणि ह्या गड्यानं एकदासुद्धा बाहेर बघितलं नाही! पण मला स्वतःला त्या झोपेचंच जास्त नवल वाटलं. देशांच्या राजधान्यांमध्ये मोठमोठी माणसं त्या दोन महिन्यांत झोपली नसतील, आणि हा माणूस ढगांच्या वर, गार हवेत, गाढ झोपून घरी आला. विमानाचा ह्याहून चांगला उपयोग कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्यानंतरच्या वर्षांत जग फार वेगाने फिरू लागलं आणि माझा खडू त्याच्यामागे पळत होता. सोव्हिएत रशिया नावाचा देश, ज्याच्याशी आमची रांगांची मैत्री होती, तो नकाशातूनच गेला. दुकानातली नकाशाची पुस्तकं आम्हाला निम्म्या किमतीत काढावी लागली. आपल्या देशाने सोनं परदेशात गहाण ठेवलं ती बातमी मी लिहिली तेव्हा फळ्यापुढे पहिल्यांदाच पुरुषांपेक्षा बायका जास्त थांबल्या. अर्थव्यवस्था म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ‘‘सरकारला बी डोरलं काढून द्यायची येळ आली व्हय?’’ एक म्हातारी म्हणाली, आणि गळ्याला हात लावून बघितला.

मग बाजार खुला झाला असं पेपरात येऊ लागलं. आमचा बाजार तर मंगळवारचा, तो आधीपासून उघड्यावरच भरायचा. पण खरंच काहीतरी उघडलं होतं. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीनचा भाव अमेरिकेतल्या पावसावर ठरतो असं व्यापारी सांगू लागले, आणि आमचे लोक संध्याकाळच्या बातम्यांत तिकडचं आभाळ बघू लागले. मी हे लिहिलं तेव्हा कंस घातला नाही. कारण ह्यात मी काय मिसळणार?

सगळ्यात मोठा अचंबा पुढेच होता. बरीच वर्षं गेल्यावर परभणीहून सांगावा आला, की कुवेतहून आलेल्या लोकांना नुकसानभरपाई मिळणार आहे. कागद आधीच भरलेले होते. त्यातून काही येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. जगातल्या सगळ्या देशांची मिळून जी सभा आहे, तिनं इराकला दंड लावला होता. इराकने तेल विकायचं आणि त्यातला वाटा अशा लोकांना द्यायचा. तो मेंढरवाला माणूस बँकेतून परत येताना दुकानात आला आणि ओट्यावर बसून राहिला.

‘‘वैनी, हे पैसे कशाचे?’’

‘‘तुम्हाला कुवेत सोडून यावं लागलं त्याचे.’’

‘‘पळून आलो म्हनून पैसे?’’

‘‘पळावं लागलं म्हणून.’’

त्यानं बँकेचा कागद उलटून पाहिला. ‘‘म्हन्जे त्या पोराच्या देशाचे. ज्यानं मला पानी मागितलं व्हतं.’’

‘‘व्हय, भाऊ. त्याच देशाचे.’’

‘‘आन मेंढराचे?’’

‘‘ती शेटाची होती. शेटाला मिळाले असतील.’’

‘‘त्याला मिळाले,’’ तो म्हणाला, ‘‘मेंढराला काय मिळालं?’’ आणि उठून गेला.

त्या पैशातून त्यांनी नदीकडच्या वस्तीवर बोअर मारलं. पाणी लागलं, चांगलं दाबून लागलं. इराकच्या वाळवंटातलं तेल विकून कनेरगाव नाक्याजवळ पाणी निघालं! जगाच्या अर्थकारणावर मी आजवर जेवढं वाचलं आहे, तेवढ्यात ह्या बोअरएवढं सरळ मला काही समजलेलं नाही. अक्काने हौद बांधून घेतला आणि वाटेवरच्या कुठल्याही कळपाला तिथं पाणी पिऊ दिलं.

पुढे आमचा हिंगोली जिल्हा झाला, नाक्यावर टेलिफोनचं बूथ आलं, ढाब्यावर रंगीत टीव्ही आला. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात अमेरिकेची फौज इराकमध्ये शिरली ती आम्ही त्या टीव्हीवर थेट पाहिली. दुपारची वेळ, बाहेर फुफाटा, आत पंख्याखाली ट्रकवाले, जीपवाले आणि मी. माझ्याही केसांत आता पांढरं आलं होतं, मला कुणी काही म्हणत नसे. पडद्यावर रणगाडे धूळ उडवत चालले होते. एक जण म्हणत होता, आठ दिवसांत संपेल. दुसरा म्हणत होता, डिझेल भरून ठेवा. तो मेंढरवाला कोपऱ्यात बसला होता. एकदम उठून पडद्याजवळ गेला.

‘‘त्ये बघा! त्ये मागं!’’

रणगाड्यांच्या पलीकडे, धुळीत, ठिपके हलत होते. आम्हाला काही कळेना.

‘‘मेंढरं हायेत. मोठ्या शेपटाची. कोनतरी राखून राहिलंय.’’

चित्र बदललं, एक टाय लावलेला माणूस बोलू लागला. तो तिथंच उभा राहिला, पुन्हा दाखवतील म्हणून. दाखवलं नाही. मी त्या दिवसापासून युद्धाची चित्रं पाहताना कडेला बघते. पुढे काय चाललंय ते सांगायला टाय लावलेली माणसं आहेतच.

अक्काचा धाकटा मुलगा सेनगावच्या जीपवर ड्रायव्हर होता. त्या युद्धानंतर दोनेक वर्षांनी त्याला दुबईत गाडी चालवायचं काम मिळालं. मला वाटलं, बाप नको म्हणेल. बाप काही म्हणाला नाही. त्यानं मुलाला समोर बसवून एवढंच सांगितलं, की पासपोर्ट शेटाजवळ ठेवू नको, आणि गाडीत पाण्याचा डबा स्वतःचा वेगळा ठेव. मुलगा हसला. ‘‘आबा, तिथं दर पावलाला दुकान हाय पान्याचं.’’ बाप म्हणाला, ‘‘आसू दे.’’

सकाळच्या वाशीमच्या बसला तो निघाला. नवी बॅग, नवे बूट, हातात मोबाइल. अक्काने त्याच्याजवळ तिळाच्या चटणीचा डबा दिला होता, तो त्यानं बॅगेत बसत नाही म्हणून काखेत धरला होता. बस हलली. ती धुरामागे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे वळली.

‘‘वैनी, दुबई कुवेतच्या अलीकडं का पलीकडं?’’

मी मनात नकाशा उघडला.

‘‘अलीकडं, अक्का,’’ मी म्हणाले. ‘‘बरंच अलीकडं.’’

‘‘मंग बरं हाय,’’ ती म्हणाली, आणि मेंढरांना पाणी दाखवायचं राहिलंय म्हणून लगबगीनं नदीकडे चालू लागली.